गोधडीतला आंबा

गेल्या हिवाळ्यात मी आंब्याच्या झाडाला रोज संध्याकाळी गोधडी पांघरवत होतो आणि आत एक साठचा बल्ब लावत होतो. झाडाला थंडी वाजू नये म्हणून.

ज्यांना हसू आलं असेल त्यांनी हसून घ्यावं. आमच्या घरात हसून झालेलं आहे, शेजारी अजून चालू आहे. पण निकाल देण्यापूर्वी माझी बाजू ऐका. मी उभी नोकरी औषधांच्या एका कारखान्याच्या गोदामात काढली. काम एकच होतं, आतलं तापमान हलू द्यायचं नाही. बाहेर वैशाख असो की पौष, आत काटा एका जागी राहिला पाहिजे. तो जरा इकडचा तिकडे झाला की मला घाम फुटायचा, आणि घाम फुटावा इतकं तिथे गरमही नसायचं. मी निवृत्त झालो तेव्हा हाताखालच्या माणसांनी मला भिंतीवर टांगायचा एक मोठा थर्मामीटर भेट दिला. दिवसातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान धरून ठेवणारे दोन वेगळे काटे त्याला आहेत. दुसऱ्या माणसाने तो हॉलमध्ये लावला असता. मी गच्चीवर टांगला आणि पुण्याच्या हवेचं गोदाम चालवायला घेतलं.

पुण्याची हवा मात्र माझ्या हाताखाली काम करायला तयार नव्हती. इथे हिवाळ्यात सकाळी फिरायला निघालेला माणूस स्वेटर, मफलर, कानटोपी अशा सगळ्या बंदोबस्तात असतो, आणि दुपारी तोच माणूस तेच स्वेटर कमरेला बांधून उसाचा रस पीत उभा असतो. पहाटे अकरा, दुपारी तीस. मी रोज सकाळी ते दोन काटे बघायचो आणि वाटायचं, हे कोण चालवतंय? याला कोणी विचारत नाही का?

आता झाडाकडे येतो. ते माझ्या सासूबाईंचं.

सासूबाई नारायण पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेने आणलेलं आंब्याचं कलम मागच्या गॅलरीत निळ्या ड्रममध्ये वाढलं होतं. गॅलरी नदीच्या बाजूला. झाड उंचीला माझ्याएवढं, पण शहाणपणाने माझ्याहून बरं. दर वर्षी मोजक्या का होईना, पण कैऱ्या द्यायचं, आणि त्या कैऱ्यांची आंबेडाळ चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला व्हायची. बाजारातली कैरी त्या दिवशी सासूबाईंच्या घरात शिरत नसे.

मग गॅलरीच्या समोर एक उंच इमारत उभी राहिली आणि त्यानंतर झाडाला मोहोर येईना. नुसती पानं. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, थकलंय. दुसऱ्या वर्षी काहीच म्हणाल्या नाहीत. त्याच पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड शाबूत राहिलं, पण गुडघे रुसले ते रुसलेच. बायको कधीपासून त्यांना सिंहगड रस्त्याला आमच्याकडे राहायला ये म्हणत होती आणि त्या कधीपासून हसून चहा टाकत होत्या. या वेळी मात्र चहा न टाकता म्हणाल्या, "झाड घेऊन जा. तिथे त्याला मोहोर आला तर मी राहते. नाही आला तर आम्ही दोघं परत."

बायकोने ही अट माझ्याकडे बघत ऐकली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि भीतीही. कारण परत म्हणजे त्याच खोल्या, तेच न्हाणीघर, आणि रात्री हाक ऐकायला कोणी नाही. सासूबाईंनी खोल्यांना कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या बटव्यात टाकली. बटवा कमरेला. एवढ्या मुक्कामात तो कमरेवरून उतरलेला मी पाहिला नाही.

दिवाळी उरकल्यावर टेम्पोतून झाड आलं. ड्रम लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चार माणसांनी तो जिन्याने गच्चीवर चढवला, आणि मी पुढे चालत "सावकाश, सावकाश" म्हणायचं काम केलं. आमची लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंत जाते, गच्चीला वर एक जिना चढावा लागतो. सासूबाईंच्या गुडघ्यांना तो झेपण्यासारखा नव्हता. त्यामुळे झाड वर, त्या खाली, आणि मधला निरोप्या मी. रोज सकाळी चहाच्या वेळी त्या विचारायच्या, "काय म्हणतंय?" आणि मी सांगायचो, मजेत आहे.

मार्गशीर्षात एके सकाळी खालचा काटा दहाच्याही खाली गेलेला दिसला. आदल्या दुपारचा वरचा काटा तिसावर होता. वीस अंशांचा फरक, तोही एका दिवसात! गोदामात असं झालं असतं तर मला घरी पाठवलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे सासूबाईंचा बटवा आला. म्हटलं, झाड गारठलं तर मोहोर कुठला, आणि मोहोर नाही तर सासूबाई कुठल्या. हा चढउतार बंद केलाच पाहिजे.

टेम्पोतून आलेलं बरंचसं सामान आमच्या माळ्यावर तसंच बांधलेलं होतं. शिलाई मशीनभोवती सुतळीने गुंडाळलेलं एक जाड, विटकं, ठिगळांचं पांघरूण होतं. सामानवाले असलं काहीतरी धक्के लागू नयेत म्हणून वापरतात, असं मी समजलो. ते सोडवलं, वर नेलं, झाडाभोवती चार काठ्या रोवून त्यांवर टाकलं आणि जिन्यातल्या पॉइंटवरून वायर ओढून आत बल्ब लावला. थर्मामीटरही आतच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटे पाहिले. रात्रभरात बावीसच्या खाली नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटाच गच्चीवर थोडा वेळ ताठ उभा राहिलो.

तेव्हापासून तो नेम झाला. संध्याकाळी घालायचं, सकाळी काढायचं. घरी कोणाला सांगितलं नाही. मोहोर आला की एकदम सांगू, म्हणजे कौतुक एकरकमी मिळेल, असा हिशेब होता. एक फांदी तेवढी पांघरुणात मावत नव्हती. ती कठड्यावरून बाहेर, रस्त्याच्या अंगाला गेली होती. तिला मी रोज मनातल्या मनात सॉरी म्हणायचो.

आणि झाडाने मला निराश केलं नाही. पौषात ते असं फुटलं, की विचारू नका. तांबूस, लुसलुशीत, ओल्या रेशमासारखी पानं. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो आणि सासूबाईंना म्हणालो, फुटलं!

"काय फुटलं?" त्यांनी विचारलं. "मोहोर की पालवी?"

मी म्हणालो, सध्या पालवी आहे, मागोमाग मोहोर येईलच.

त्यांनी कप खाली ठेवला. "तिकडेही दोन वर्षं सगळे हेच म्हणत होते," त्या म्हणाल्या आणि पेपर उघडला. पेपर उलटा होता, हे मला दिसलं.

त्याच दिवसांत घरात आणखी एक गोष्ट चालली होती, आणि ती माझ्या नाकासमोर असून मला दिसली नाही. सासूबाईंना थंडी वाजत होती. बायकोने त्यांना नवी कोरी दुलई आणली होती, फुगीर, हलकी, आणि इतकी गुळगुळीत की रात्री अंगावरून सरकून खाली जायची. सासूबाई दोन स्वेटर घालून, शाल गुंडाळून, कानटोपी ओढून झोपायच्या. सकाळी बायको विचारायची झोप लागली का, त्या म्हणायच्या छान. एकदाच, भाजी निवडताना, त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की माझी गोधडी टेम्पोत राहिली असेल का गं. त्यांच्या आईच्या लुगड्यांची आणि त्यांच्या स्वतःच्या साड्यांची, हाताने टाके घातलेली गोधडी. बायकोने सगळी कपाटं उपसली. मला विचारलं. मी म्हणालो, मी नाही पाहिली. अगदी प्रामाणिकपणे म्हणालो, कारण माझ्या डोक्यात ते सामानाचं पांघरूण होतं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी टेम्पोवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले, की म्हाताऱ्या माणसाच्या वस्तू अशा हरवता, लाज वाटत नाही का. तो बिचारा म्हणाला, साहेब, गाडीत काही नाही हो. मी म्हणालो, शोधा. आणि संध्याकाळ झाली म्हणून फोन ठेवून झाडाला पांघरूण घालायला वर गेलो.

मग रथसप्तमी आली. सासूबाई दर वर्षी या दिवशी गोवऱ्या पेटवून, संक्रांतीच्या बोळक्यात दूध ठेवून, सूर्यासमोर ते उतू जाऊ देतात. खिडकीतून करा म्हटलं तर म्हणाल्या, सूर्य काय खिडकीत येऊन बसणार आहे? गच्चीवर जायचं. बायकोने ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि दोघी हळूहळू जिना चढायला लागल्या.

मी आधीच वर होतो. खरं म्हणजे पांघरूण आणि बल्ब लपवायला गेलो होतो. पण लक्ष गेलं त्या बाहेरच्या फांदीकडे. बाकीचं झाड नव्या पानांनी नटलेलं, आणि ही मात्र जुनी, काळपट हिरवी पानं घेऊन गप्प बसलेली. एक नवं पान नाही. शेंड्यांना तपकिरी, फुगीर गाठी. मी निदान केलं की हिला थंडी बाधली, आता हा रोग आत पसरणार. खाली ठेवलेली छाटायची कात्री उचलली, कठड्यावरून वाकलो आणि फांदी बुडाशी धरली.

"ती कात्री खाली ठेवा."

आवाज चढलेला नव्हता. सासूबाईंचा आवाज चढत नाही, त्याची त्यांना गरज पडत नाही. त्या दारात भिंतीला हात टेकून धापा टाकत उभ्या होत्या, मागे बायको, हातात बोळकं. मी कात्री ठेवली. त्या कठड्यापाशी आल्या, फांदी हलकेच स्वतःकडे ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या तपकिरी गाठींवरून अंगठा फिरवला.

"हा मोहोर आहे," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत उलगडेल."

मग त्या वळल्या आणि त्यांना ड्रमवर लोंबकळणारं पांघरूण दिसलं. आत बल्ब अजून जळत होता. बायको म्हणाली, अहो, ही तर... आणि थांबली. सासूबाईंनी पुढे होऊन एका जांभळ्या ठिगळावर हात ठेवला, तसाच ठेवला. मी सगळं सांगून टाकलं. गोदाम, काटे, दहा आणि तीस, मशीनची सुतळी, सगळं. मधे बायकोने गोवऱ्या पेटवून बोळकं ठेवलं होतं, त्यातलं दूध कधीतरी उतू गेलं, कोणाचं लक्ष नव्हतं. ओघळ पूर्वेला गेला होता, म्हणजे शुभ, असं नंतर बायको म्हणाली.

माझं संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे महिना-दीड महिना झाड गोधडीत आणि मी गारठ्यात."

मी बल्ब बंद केला.

त्या स्टुलावर बसल्या आणि ऊन खात मला समजावू लागल्या, शाळेतल्या मुलाला समजवावं तसं, पण अहो-जाहो करत. दुपारचं ऊन कडक आणि पहाट गार, अशी थोडे दिवस ओढाताण झाली ना, की आंबा पानं काढायचं थांबवतो. मग त्याला मोहोराची आठवण होते. गॅलरीत नदीवरून गारठा यायचा, म्हणून तिथे मोहोर यायचा. हे बोलता बोलता त्या थांबल्या आणि आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांच्या डोक्यात एकदमच आलं असणार. समोरची ती नवी इमारत. तिची भिंत दिवसभर ऊन पिऊन रात्रभर गॅलरीत ऊब सोडायची. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं होतं एकदा, की आताशा रात्री गॅलरीत शाल लागत नाही. पहाट पहिल्यासारखी उतरतच नव्हती, म्हणून झाड नुसती पानं काढत बसलं होतं. ते इथे मोकळ्या हवेत आणलं, आणि मी ती भिंत गोधडीची करून पुन्हा त्याच्याभोवती उभी केली, वर बल्बचा खर्चही सोसला.

"झाड थकलं नव्हतं तर," सासूबाई म्हणाल्या. आपल्याशीच म्हणाल्या. सासऱ्यांनी लावलेलं झाड, दोन वर्षं त्यांना काय काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

त्या रात्री गोधडी तिच्या मालकिणीच्या अंगावर गेली. सकाळी आठ वाजले तरी खोलीतून हालचाल नाही, म्हणून बायको घाबरून दार लोटून बघायला गेली आणि हसत बाहेर आली. सासूबाई घोरत होत्या. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच. गोधडीत त्यांना आंब्याची दोन वाळकी पानं सापडली, आणि एका कोपऱ्यात बल्बने पडलेला रुपयाएवढा करपट डाग. तोही मीच दाखवला, म्हटलं आता लपवण्यासारखं काय उरलंय. त्यांनी माझा जुना कारखान्याचा निळा शर्ट मागितला, त्याच्या खिशाचं कापड कापलं आणि डागावर ठिगळ लावलं. बारीक, सरळ टाके. शेजारी त्यांच्या आईचं लुगडं, खाली बायकोच्या लहानपणच्या परकराचा तुकडा. मी म्हणालो, आई, मी बसलो की गोधडीत. त्या म्हणाल्या, डाग पडला तिथे.

झाड आता उघड्यावर होतं. उरलेली थंडी त्याने खाल्ली, पण बाकीच्या फांद्यांना त्या वर्षी उशीर झाला होता तो झालाच. त्या नुसत्या पानांनी डोलत राहिल्या. मोहोरली ती एकच फांदी, कठड्याबाहेरची. मी मुकाट्याने दोन काटे बघायचो, आणि आता फरक जितका मोठा तितकं मला बरं वाटायचं. उभ्या नोकरीत शिकलेलं असं एका फांदीपुढे उलटं झालं. ढगाळ दिवस आला, रात्र उबदार गेली, की मीच वर तोंड करून पुटपुटायचो. वाऱ्याने बराचसा मोहोर झडला. वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या, त्यातल्याही पुष्कळ गळाल्या. उरल्या त्या ओंजळभर.

पण घरात प्रश्न होताच. एका फांदीचा मोहोर हा मोहोर धरायचा की नाही? अट अख्ख्या झाडाची होती. बायको विचारायला धजत नव्हती, मला तर विचारायचा हक्कच उरला नव्हता. आणि सासूबाईंचा बटवा कमरेला होता.

फाल्गुनाच्या शेवटी एके दुपारी त्यांनी मला हाक मारली. बटवा उघडला, किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "नारायण पेठेत जाऊन या," त्या म्हणाल्या. "देवघराच्या खालच्या खणात गौर आहे आणि तिचा पितळी पाळणा. जपून आणा. या वर्षी गौर इथे बसवू."

चैत्रगौर आपण राहतो त्या घरात बसते. आपण पाहुणे असतो तिथे नाही. बायको स्वयंपाकघरात गेली आणि सिंकचा नळ बराच वेळ वाहत राहिला. आमच्याकडे पाण्याची टंचाई असूनही मी तो बंद करायला गेलो नाही.

गौर आली, पाळण्यात बसली. हळदीकुंकवाला इमारतीतल्या सगळ्या बायका आल्या. हॉलमध्ये पुरुषाला जागा नव्हती, म्हणून मी स्वयंपाकघरात कोकम सरबताचे ग्लास भरत होतो. कैऱ्या इतक्या थोड्या होत्या, की आंबेडाळ प्रत्येकीला चमचाभरच मिळाली, पण बाजारातली एकही फोड तिच्यात नव्हती. बाहेर कौतुक चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या, की आजी, ड्रममधल्या आंब्याला कैऱ्या धरल्या म्हणजे कमाल आहे, आणि तुमचे जावई रोज त्याच्यामागे गच्चीवर असायचे ना, आम्ही बघायचो. त्यांच्या हाताचा गुण म्हणायचा का?

मी ग्लास भरायचा थांबलो. खोटं कशाला बोलू, मान थोडी ताठ झाली होती.

"हो तर," सासूबाई म्हणाल्या. "जिथे त्यांचा हात पोचला नाही, तेवढ्याच फांदीला लागल्या."